डीएनएचे धागे सुटतात, पण परत जुळत नाहीत: गार केल्यावर ओडी का उतरत नाही?

डीएनएचं द्रावण तापवून त्याचे दोन धागे सोडवायचे, मग गार करून परत जुळवायचे, आणि ओडी (द्रावण किती प्रकाश शोषतं त्याचा आकडा) मोजत राहायची, असं एक प्रॅक्टिकल असतं. त्याबद्दलची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते. “मॅडम, तापवल्यावर ओडी मस्त चढली, पण गार केल्यावर उतरंनाच की!” खानापूर असो, निपाणी असो, चिकोडी असो, दर वर्षी प्रॅक्टिकल्स सुरू झाली की हाच प्रश्न. विचारणारी मुलं बरीचशी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. मॅन्युअल इंग्रजीत, तापवायचा वॉटर बाथ सांभाळणारे अटेंडर अण्णा कन्नड बोलणारे, आणि मॅन्युअलमध्ये शेवटी एवढंच लिहिलेलं असतं: सावकाश थंड करा, ओडी मूळ आकड्यावर येईल. ती येत नाही. मग कुणाच्या तरी जुन्या जर्नलमधला सुबक उतरता आलेख कॉपी केला जातो. तसं करू नका. तुमचं रीडिंग बरोबर असण्याची शक्यता खूप मोठी आहे. अपुरी आहे ती मॅन्युअलमधली शेवटची ओळ.

आधी थोडक्यात, ओडी चढते का. दोन धागे एकमेकांत गुंफलेले असताना त्यांचे बेस (धाग्यावरची ए, टी, जी, सी ही ‘अक्षरं’) एकावर एक रचलेले असतात आणि २६० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश कमी शोषतात. जोडी सुटली की तोच डीएनए सुमारे ३७ ते ४० टक्के जास्त शोषतो. ०.४०० वरून निघालात तर पूर्ण सुटल्यावर ०.५५ च्या आसपास पोचायला हवं. निम्मा बदल ज्या तापमानाला होतो ते टीएम (मेल्टिंग टेंपरेचर). ज्युलियस मार्मर आणि पॉल डोटी यांनी १९६२ मध्ये दिलेलं सूत्र आजही प्रॅक्टिकलला पुरतं: टीएम = ६९.३ + ०.४१ × जीसीची टक्केवारी (म्हणजे ग्वानिन आणि सायटोसिन या बेसची). हे १एक्स एसएससी या बफरसाठी (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणासाठी) आहे, म्हणजे ०.१५ मोलर मीठ, ०.०१५ मोलर सोडियम सायट्रेट, पीएच ७. बफर बदलला की टीएमही बदलतो.

उतरण बघण्याआधी चढण बघा

धागे मुळात नीट सुटलेच नसतील, किंवा तापवायच्या आधीच सुटलेले असतील, तर ते परत जुळतात का या प्रश्नाला अर्थ उरत नाही. म्हणून मी पहिल्यांदा चढत्या आलेखाचे आकडे मागते.

सुरुवातीलाच ओडी अपेक्षेपेक्षा जास्त आहे आणि तापवल्यावर जेमतेम दहा-पंधरा टक्के वाढली, असं असेल तर डीएनए कशात विरघळवला ते विचारा. उत्तर बहुधा “डिस्टिल्ड पाण्यात” असं येतं. धाग्यांवरच्या फॉस्फेटचे ऋण भार एकमेकांना दूर ढकलतात, आणि मिठातलं सोडियम ते भार झाकून ठेवतं. मीठच नसलं तर पातळ द्रावणातला डीएनए खोलीच्या तापमानालाच सुटायला लागतो. म्हणजे प्रयोग सुरू व्हायच्या आधीच अर्धा संपलेला, आणि गार केल्यावर जुळायलाही मीठ नाही. कोरडा डीएनए बफरमध्येच विरघळवा, फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा, आणि ब्लँकलाही (मशीनचा शून्य लावायच्या, डीएनए नसलेल्या नमुन्यालाही) तोच बफर घ्या.

चढण अर्धवट थांबते त्याचं एक कारण आपल्या गावाचं आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या वर आहे. घाटाखाली पणजीला किंवा रत्नागिरीला पाणी १०० अंशांना उकळतं, आपल्याकडे साधारण ९७.५ लाच. ई. कोलाय या जिवाणूच्या डीएनएमध्ये जीसी सुमारे ५१ टक्के, म्हणून टीएम ९० च्या आसपास. वासराच्या थायमस ग्रंथीतल्या डीएनएचा ८६-८७. या दोघांना आपलं उकळतं पाणी पुरतं. पण मायक्रोकॉकस ल्युटियस या जिवाणूचा डीएनए दिला असेल तर जीसी ७२ टक्के आणि टीएम जवळजवळ ९९ येतो. १एक्स एसएससीमध्ये ठेवून बेळगावात तो कितीही उकळा, पुरता सुटणारच नाही. उपाय सोपा आहे: ०.१एक्स एसएससी घ्या. सोडियम दहापट कमी केलं की टीएम साधारण १६.६ अंशांनी खाली येतो, आणि काम ८२ च्या आसपास होऊन जातं.

बाथचा डिस्प्ले ९५ दाखवतोय म्हणजे क्युव्हेटमधलं (रीडिंगसाठी द्रावण भरायच्या चौकोनी कुपीतलं) द्रावण ९५ ला आहे असंही समजू नका. बाथपासून क्युव्हेटपर्यंत नळीतून फिरणारं पाणी वाटेत गार होतं. एका फालतू क्युव्हेटमध्ये बफर भरून त्यात बारीक थर्मामीटर सोडा. दोन-चार अंशांचा फरक हमखास सापडतो. बाथमध्ये बोअरचं पाणी वापरत असतील तर कॉइलवर आणि सेन्सरवर पांढरा थर चढतो, मग फरक आणखी वाढतो. अण्णांना सांगून बाथ धुऊन घ्या.

उलट, ओडी ४० टक्क्यांच्या पुढे वाढतच गेली तर ते धागे सुटण्याचं काम नव्हे. पाणी वाफ होऊन द्रावण घट्ट होतंय, किंवा काचेला बुडबुडे धरलेत. क्युव्हेटला घट्ट टेफ्लॉनचं बूच हवं आणि बफर आधी उकळून, त्यातली हवा काढून घेतलेला हवा. ३२० नॅनोमीटरलाही रीडिंग घ्या. तिथे डीएनए काही शोषत नाही, त्यामुळे तिथे जे दिसेल ते बुडबुडे आणि गढूळपणा. ते २६० च्या आकड्यातून वजा करा. आणि क्युव्हेट क्वार्ट्झचंच हवं. साधी काच आणि स्वस्त प्लास्टिक २६० ला स्वतःच प्रकाश अडवतात.

ट्रिस बफरबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण हे मॅन्युअलमध्ये सापडत नाही. ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर घसरतो, दर अंशाला साधारण ०.०२८. खोलीत ८.० असलेला ट्रिस ९५ अंशांना ६ च्या आसपास येतो. त्या आम्लपणात आणि त्या उष्णतेत ॲडेनिन-ग्वानिन हे बेस गळायला लागतात आणि पुढे धागेच तुटतात. तुटके धागे गार केल्यावर कसे नीट जुळणार? लांब तापवायच्या प्रयोगाला सायट्रेट किंवा फॉस्फेट वापरा, आणि उकळत्या पाण्यात दहा मिनिटांच्या पुढे ठेवू नका.

“रात्रभर ठेवलं होतं मॅडम”

आता मुख्य मुद्दा. सावकाश थंड करा असं वाचून मुलं बाथ बंद करतात, झाकण लावतात आणि घरी जातात. सकाळी ओडी थोडी उतरलेली असते, पुरती नाही.

जुळणं दोन टप्प्यांत होतं. आधी दोन पूरक धाग्यांची योग्य जागी गाठ पडावी लागते, दहा-बारा बेसची का होईना. ती गाठ पडली की बाकीची लांबी भराभर बंद होत जाते. वेळ लागतो तो पहिल्या टप्प्याला, आणि हा टप्पा टीएमच्या साधारण २५ अंश खाली सर्वांत वेगाने चालतो. टीएमच्या फार जवळ असाल तर कोवळी गाठ टिकत नाही. फार खाली गेलात तर प्रत्येक धागा स्वतःशीच कुठेतरी दुमडून अडकतो आणि जोडीदार शोधायला मोकळा राहत नाही. ई. कोलायला १एक्स एसएससीमध्ये ही कामाची जागा ६५ अंशांच्या आसपास येते.

बंद केलेला छोटा बाथ त्या पट्ट्यातून किती वेळात निघून जातो ते एकदा घड्याळ लावून बघा. त्यानंतरची सगळी रात्र डीएनए खोलीच्या तापमानाला नुसता पडून असतो. त्या तासांचा काही उपयोग नाही. म्हणून थंड करत राहण्यापेक्षा ६५ ला थांबवून धरणं महत्त्वाचं. पावसाळ्यात लाइट मधेच जाते तेव्हा थर्मास कामाला येतो: रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये ६८-७० अंशांचं पाणी भरून बूच लावलेली ट्यूब आत सोडा. तासा-दोन तासांत थोडेच अंश उतरतात, आणि तेवढं या प्रयोगाला चालतं.

हा डीएनए जुळायला किती वेळ मागतो?

हा हिशोब प्रॅक्टिकल लावायच्या आधीच करायला हवा, आणि तोच कुणी करत नाही.

रॉय ब्रिटन आणि डेव्हिड कोहने यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं की, डीएनए निम्मा जुळायला लागणारा वेळ त्यात किती वेगवेगळे क्रम आहेत यावर ठरतो. सुरुवातीची संहती (न्यूक्लिओटाइडचे मोल दर लिटरला) गुणिले सेकंद, हा त्यांचा मापदंड; त्याला कॉट म्हणतात. चारेकशे बेसचे तुकडे केलेल्या डीएनएला, ०.१८ मोलर सोडियममध्ये, निम्मं जुळण्यासाठी ई. कोलायच्या बाबतीत कॉट सुमारे ४ लागतो. वासराच्या डीएनएमधल्या एकदाच येणाऱ्या क्रमांना सुमारे ३०००.

आता आपला आकडा घालू. ओडी १ म्हणजे दुहेरी डीएनए ५० मायक्रोग्रॅम दर मिलीलिटरला. एका न्यूक्लिओटाइडचं वजन सरासरी ३३० धरलं तर हे ०.०००१५ मोलर होतं. ई. कोलायसाठी ४ भागिले ०.०००१५, म्हणजे साधारण २७,००० सेकंद, साडेसात तास. तेही निम्मंच जुळायला. वासरासाठी ३००० भागिले ०.०००१५, म्हणजे दोन कोटी सेकंद. साडेसात महिने!

तीन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये वासराच्या डीएनएची ओडी मूळ आकड्यावर आली असं ज्या जर्नलमध्ये लिहिलंय, ते जर्नल खोटं आहे. त्या डीएनएमध्ये पुन्हा पुन्हा येणारे क्रम बरेच असतात. ते लवकर जुळतात, म्हणून ओडी थोडी उतरते आणि मग अडते. थोडी उतरून अडलेली ओडी हाच त्या प्रयोगाचा खरा निकाल आहे, आणि फार सुंदर निकाल आहे. त्यात तुम्हाला जिनोमची (त्या जिवाच्या सगळ्या डीएनएची) रचना दिसते. सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेत हरवलेलं माणूस शोधणं आणि गावच्या आठवडी बाजारात शोधणं यात जो फरक, तोच इथे. माणसाचा दोष नसतो, गर्दी मोठी असते. ई. कोलायचा जिनोम ४६ लाख बेस-जोड्यांचा, वासराचा जवळपास २७० कोटींचा, आणि लॅम्डा फाज या जिवाणूंवरच्या विषाणूचा फक्त ४८,५०२ जोड्यांचा.

लॅम्डाचा आकडा मुद्दाम सांगितला. तो ई. कोलायच्या शंभराव्या हिश्श्याजवळ आहे, म्हणून वेळही त्याच प्रमाणात घटतो. २० मायक्रोग्रॅम दर मिलीलिटर इतका पातळ घेतला तरी निम्मं जुळायला बारा मिनिटांच्या आसपास, आणि तीन तासांत हिशोबाने ९० टक्क्यांच्या वर. प्रॅक्टिकलला हाच डीएनए घ्या असा माझा ठाम आग्रह आहे. महाग पडतो हे मान्य, पण दोन-तीन गटांनी मिळून एक ट्यूब पुरते.

जमणारी पद्धत

सुटणं कमी मिठात, जुळणं जास्त मिठात, अशी विभागणी करा. लॅम्डा डीएनए ०.१एक्स एसएससीमध्ये घ्या. आधी बारीक सुईच्या सिरिंजमधून काही वेळा जोरात आत-बाहेर करा, म्हणजे लांब धाग्यांचे तुकडे होतील. डीएनए तुटता कामा नये असं आपण मुलांना सतत बजावतो, त्यामुळे हे ऐकून ती दचकतात. पण इथे तुकडेच हवेत, नाहीतर एक धागा चार ठिकाणी अर्धवट जुळून जाळं तयार होतं. सोनिकेटर (ध्वनिलहरींनी तुकडे करणारं यंत्र) असेल तर आणखी चांगलं.

बूच घट्ट लावून दहा मिनिटं उकळत्या पाण्यात. मग ट्यूब ७० अंशांच्या बाथमध्ये आणा आणि तिथेच गरम केलेलं २०एक्स एसएससी घाला: ९०० मायक्रोलिटरला ९५ मायक्रोलिटर. आता बफर २एक्स झाला, टीएम ९५ च्या आसपास गेला, आणि ७० म्हणजे बरोबर २५ अंश खाली. लगेच एक नमुना बर्फात काढा. हा शून्य मिनिटांचा. नंतर १०, ३०, ६०, १२० मिनिटांनी एकेक. एक नमुना न तापवलेल्या डीएनएचा, त्याच प्रमाणात मीठ घातलेला. सगळे खोलीच्या तापमानाला आणून वाचा.

इथे दोन ठिकाणी घोळ होतो. मीठ घातल्यावर द्रावण दहा टक्क्यांजवळ पातळ होतं आणि ओडी तेवढी आपोआप उतरते. ते जुळणं नव्हे. न तापवलेल्या नमुन्यातही तेवढंच मीठ घालायचं ते यासाठीच. दुसरं, शून्य मिनिटांच्या नमुन्याची ओडी उकळत्या द्रावणाच्या ओडीइतकी कधीच येणार नाही. बर्फात टाकल्यावर एकेरी धागे स्वतःशीच थोडे दुमडतात आणि ओडी थोडी पडते. तेव्हा तुमचा वरचा टोकाचा आकडा म्हणजे हा शून्य मिनिटांचा नमुना, खालचा टोकाचा आकडा म्हणजे न तापवलेला. टक्केवारी या दोघांच्या मधेच मोजा. गरम द्रावणातल्या ओडीशी तुलना करायचीच असेल तर २५ ते ९५ अंशांत पाणी सुमारे साडेतीन टक्के फुगतं, ती दुरुस्ती आधी करा.

पावसाळ्यात बर्फातून काढलेल्या क्युव्हेटवर बाहेरून दव धरतं. खानापूरच्या बाजूला तर जुलै-ऑगस्टमध्ये पुसेपर्यंत परत धरतं. धुकटलेलं क्युव्हेट मशीनमध्ये गेलं की ओडी वाढलेली दिसते आणि “परत सुटलं” असा निष्कर्ष निघतो. नमुना आधी ट्यूबमध्येच खोलीच्या तापमानाला आणा, मग क्युव्हेटमध्ये भरा.

उतरली म्हणजे जुळलंच असं नाही

ओडी उतरली की मुलं खूश होऊन प्रयोग बंद करतात. पण उतरणं दोन कारणांनी होतं: खरा जोडीदार सापडला, किंवा धागा स्वतःवरच दुमडला. ओडी मोजणाऱ्या मशीनला, स्पेक्ट्रोफोटोमीटरला, यातला फरक कळत नाही. तो काढायचा तर तोच नमुना पुन्हा सावकाश तापवावा लागतो. नीट जुळलेला डीएनए बराच वेळ सपाट राहतो आणि टीएमच्या आसपास एकदम उसळतो. दुमडलेल्या धाग्यांची ओडी चाळीस-पन्नास अंशांपासूनच हळूहळू चढायला लागते, कुठेही कडा दिसत नाही. मधलीही एक अवस्था असते: उसळी आहे, पण टीएम काही अंशांनी खाली. जवळपास सारख्या पण तंतोतंत नसलेल्या क्रमांची जोडी जमली की असं होतं. दर एक टक्का चुकीच्या जोडीला टीएम साधारण एका अंशाने घटतो. पुन्हा तापवायला तासभर जातो म्हणून हा भाग गाळला जातो. माझं मत विचाराल तर वेळ कमी असेल तेव्हा बाकी काही गाळा, हे नको.

निपाणीची मुलं प्रोजेक्टला हटकून तंबाखूच्या पानातला डीएनए काढतात. घरचं पीक आहे, जरूर काढा. फक्त त्यात पॉलिफेनॉल आणि चिकट शर्करा उतरतात आणि २६० च्या रीडिंगमध्ये मिसळतात. पानातून डीएनए काढायची सीटॅब पद्धत वापरा, आरएनेज (आरएनए तोडणारं एन्झाइम) द्या, आणि २६० आणि २८० नॅनोमीटरच्या ओडींचं गुणोत्तर १.८ च्या आसपास येईपर्यंत पुढे जाऊ नका. आरएनए राहिला असेल तर चढण पसरट दिसते. तंबाखूचा जिनोम सुमारे ४५० कोटी जोड्यांचा आहे, वासरापेक्षाही मोठा, तेव्हा टीएम काढायला हा डीएनए चांगला. जुळणी मोजायला घेऊ नका.

प्लाझ्मिड (जिवाणूंमधला छोटा वर्तुळाकार डीएनए) घेणाऱ्यांची तक्रार उलटी: बर्फात टाकला तरी क्षणात जुळला. बंद वर्तुळाचे दोन धागे साखळीच्या कड्यांसारखे एकमेकांत अडकलेले असतात, सुटले तरी दूर जाऊ शकत नाहीत. प्लाझ्मिड वेगळा काढायची बर्नबॉइम आणि डोली यांची १९७९ ची अल्कलाइन लायसिस पद्धत याच गुणावर उभी आहे. जुळण्याचा वेग मोजायचा असेल तर प्लाझ्मिड आधी एका जागी कापणाऱ्या रिस्ट्रिक्शन एन्झाइमने उघडा.

छोटे ऑलिगो (कृत्रिमरीत्या बनवलेले आखूड एकेरी धागे) जोडणाऱ्यांना यातलं बहुतेक लागू नाही. तिथे १० मिलिमोलर ट्रिस आणि ५० मिलिमोलर मीठ चालतं, कारण तापवणं दोन-तीन मिनिटांचंच असतं. ९५ वरून तासाभरात खोलीच्या तापमानाला आलं तरी पुरतं. तरीही जेलवर एकेरी धागा उरलेला दिसला तर आधी दोन्ही ऑलिगोंची संहती पुन्हा मोजा. पाण्यात विरघळवताना ट्यूबच्या झाकणाला चिकटलेली पावडर खाली आलेली नसते, दोघांचं प्रमाण सारखं राहत नाही, आणि जास्त असलेल्याला जोडीदार मिळतच नाही. ट्यूब उघडायच्या आधी सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटभर फिरवून घ्या.